बातमीतली जात

गुन्ह्याच्या बातमीत आरोपीची जात लिहायची की नाही, याचा निकाल मराठी वृत्तपत्रांनी सगळ्यांसाठी सारखा लावलेला नाही. पतसंस्थेत अपहार झाला, सुनेला जाळले, खतात भेसळ सापडली, की आरोपीचे नाव, वय आणि गाव छापून येते. जात येत नाही. तीच बातमी एखाद्या पारध्याची असली की जात मथळ्यातच चढते, कित्येकदा नावाच्याही आधी. उलट मार खाणारा किंवा मारला गेलेला माणूस दलित असेल तर त्याच्या जातीचा उल्लेख तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात ढकलला जातो, किंवा 'जुन्या वादातून', 'क्षुल्लक कारणावरून' अशा शब्दांखाली बुजून जातो. एकाची जात उघडी आणि दुसऱ्याची झाकलेली, ही रीत कुणा एका संपादकाने घालून दिली नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा मोठा भाग नागपूर, वर्धा आणि वऱ्हाड या पट्ट्यात घडला आहे.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले केळझर या पट्ट्याच्या मधोमध, नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. गावात जुना किल्ला आणि विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा गणपती आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे इथे सांगतात. भीमाने बकासुराला मारले तेही याच शिवारात. (ही कथा सांगणारा प्रत्येक जण पांडवांच्या बाजूचा असतो. बकासुराच्या बाजूने कुणी बोलल्याचे ऐकिवात नाही.) गावाच्या वायव्येला बोरचे जंगल आहे. 1970 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. एका बाजूला वाहता रस्ता, दुसऱ्या बाजूला हरणा-सशांचे रान आणि मधे कापूस-ज्वारीची शेते: फिरस्त्या शिकारी जमातींना हवे ते सगळे अशा मुलखात होते. हाच मुलूख पुढे पोलिसी नोंदींतही आला.

नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात वर्धा खोऱ्याला लुटारूंचे भय होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या धाडींपासून बचाव म्हणून गावोगाव मातीच्या गढ्या बांधल्या गेल्या. त्यांचे ढिगारे जिल्ह्यात आजही दिसतात. पण 'पेंढारी' हे जातीचे नाव नव्हते. त्या टोळ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, मोडलेल्या फौजांतले शिपाई होते, कर्जाने पिचलेले शेतकरीही होते. लूट हा त्यांचा धंदा होता आणि धंदा सोडला की माणूस पेंढारी उरत नसे. कित्येकांना इंग्रजांनीच जमिनी देऊन गावात बसवले. गुन्हा रक्तातून येतो आणि बापाकडून मुलाकडे जातो ही समजूत त्यानंतर रुजली, आणि ती रुजवण्यात छापखान्याचा हात मोठा होता.

सुरुवात ठगांपासून झाली. 1830 च्या दशकात विल्यम स्लीमनने जबलपूर आणि नर्मदेच्या मुलखात ठगांविरुद्ध मोहीम चालवली. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून त्याने वंशावळी तयार केल्या आणि ठगी हा पिढीजात व्यवसाय असल्याचे मांडले. मोहिमेच्या हकिकती वृत्तपत्रांतून आणि पुस्तकांतून विलायतेपर्यंत गेल्या. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी 1839 मध्ये निघाली आणि खूप खपली. हिंदुस्थानात गुन्हेगारांच्याही जाती असतात, ही कल्पना वाचकांच्या डोक्यात पक्की झाली. कायदा व्हायला अजून तीस वर्षे होती.

12 ऑक्टोबर 1871 रोजी गुन्हेगार जमाती कायदा झाला. आरंभी तो उत्तरेतल्या प्रांतांना लागू होता; 1911 च्या दुरुस्तीने देशभर लागू करता येईल असा झाला आणि 1924 मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले. एखादी जमात 'गुन्हेगार' आहे असे सरकारने जाहीर केले की तिच्यातल्या माणसांची नावे नोंदवहीत चढत. ठरलेल्या वेळी पोलीस ठाण्यात किंवा पाटलासमोर हजेरी द्यावी लागे. गावाबाहेर जायचे तर दाखला काढावा लागे. दाखल्याशिवाय सापडला तर सक्तमजुरी, दंड किंवा फटके. सरकारच्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देण्याची सोय नव्हती. एकही गुन्हा न केलेला माणूस जन्मामुळे या वहीत जात होता आणि त्याचे बोट शाईत बुडवून घेतले जात होते. दाखला घेऊन बाजाराला निघालेला माणूस वाटेत आजारी पडला आणि मुदतीत परतला नाही, तरी तो कायद्याने गुन्हेगार ठरे. मग त्याच्या नावावर खराखुरा 'पूर्वीचा गुन्हा' लागे. वहीचा अंदाज वहीच खरा करून दाखवी.

वह्यांसोबत पुस्तके आली. वऱ्हाड पोलिसांतला मेजर गनथॉर्प याने 1882 मध्ये मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्यप्रांतातल्या गुन्हेगार जमातींवर टिपणांचे पुस्तक काढले. ते मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात छापले गेले. पोलिसांची टिपणे आणि लोकांचे वर्तमानपत्र एकाच छताखाली छापले जात होते, ही त्या काळची स्थिती एवढ्या एका गोष्टीतून कळते. 1908 मध्ये मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचे याच धर्तीचे जाडजूड पुस्तक आले. अशी पुस्तके शिपायांच्या प्रशिक्षणासाठी होती: कुठली जमात कसे कपडे घालते, कुठली बोली बोलते, घर कसे फोडते, चोरीचा माल कुठे पुरते. बातमीदारांच्या हातीही तीच पडली. गुन्हा घडला की 'पद्धती'वरून जमात ओळखायची आणि मग बातमीत ती खात्रीने लिहायची, ही सवय तिथून लागली.

1906 मध्ये वर्धा जिल्ह्याचे गॅझेटिअर संपादित करणारे आर. व्ही. रसेल यांनीच रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने 1916 मध्ये मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यातला पारध्यांवरचा भाग नीट वाचला तर 'पारधी' या एका नावाखाली किती वेगवेगळे उद्योग होते ते दिसते. फासेपारधी चामड्याच्या आणि दोऱ्याच्या फाशांनी हरणे, डुकरे, तितर, लावे धरत. चितापारधी चित्ते माणसाळवून संस्थानिकांना शिकार करून दाखवत. टाकणकार घरोघर फिरून जात्याला टाकी लावून देत. कुणी बैलाच्या आडोशाने सावज गाठे, तर कुणी मगरीचे तेल बाटल्यांतून विकी. शेतकऱ्याला यांची गरज होती. रानडुकरांनी आणि हरणांनी उभे पीक खाल्ले की पारध्याला बोलावले जाई, आणि जात्याला टाकी लावल्याशिवाय गावात पीठ पडत नसे. पोलिसी पुस्तकांत यातले फारच थोडे उतरले. जात्याला टाकी लावायच्या निमित्ताने घर हेरून ठेवतात, एवढेच टाकणकाराविषयी उतरले आणि तेच पुढे चालत राहिले.

या काळात विदर्भात देशी वृत्तपत्रे वाढत होती. अकोल्याचे 'वऱ्हाड समाचार', नागपूरचे 'देशसेवक', 1914 मध्ये गोपाळराव ओगल्यांनी काढलेले 'महाराष्ट्र', यवतमाळला बापूजी अण्यांचे 'लोकमत', पुढे 'तरुण भारत'. राजद्रोहाचे खटले, जामीनकी, जप्ती यांना तोंड देत ही पत्रे चालली. सरकारचे म्हणणे जसेच्या तसे खरे मानू नये, हे त्यांनी वाचकाला शिकवले. मात्र ही शंका राजकीय बातमीपुरतीच राहिली. टिळकांवर किंवा गांधींवर पोलीस काय आरोप करतात हे उलटसुलट तपासून घेणारा संपादक, पोलिसांनी भटक्यांच्या पालावर काय 'मुद्देमाल' पकडला ते मात्र जसेच्या तसे छापत असे. यात कावा असेलच असे नाही. संपादक, उपसंपादक, वाचक आणि जाहिरातदार बहुतेक गावात स्थिरावलेल्या, लिहित्या-वाचत्या जातींतले होते; पाल टाकून राहणारा माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता.

ज्यांची बाजू येत नव्हती त्यांना स्वतःची पत्रे काढावी लागली. 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' सुरू केले. नागपूरजवळच्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका' अशी पत्रे एकामागून एक काढली. पैशांअभावी ती बंद पडत आणि बनसोडे नवे काढत. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. एवढे असूनही या पत्रांत पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींतले लेखक नव्हते. रोज हजेरी देणाऱ्या माणसाच्या मुलाला शाळाच मिळत नव्हती, तिथे पत्र कोण काढणार? विमुक्तांचा, म्हणजे एकेकाळी 'गुन्हेगार' ठरवलेल्या या जमातींचा, स्वतःचा आवाज मराठीत मोठ्याने ऐकू आला तो 1980 च्या दशकात. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' 1987 मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीच्या शिफारशीवरून गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा आहे आणि 1956 मध्येच मुंबई राज्यात आलेला वर्धा जिल्हा त्याच्या कक्षेत आला. कागदावर आता जमात नव्हती, व्यक्ती होती. ठाण्यात मात्र जुन्या याद्याच नव्या वहीत उतरल्या, कारण 'सराईत' ठरायला पूर्वीची शिक्षा लागते आणि शिक्षा कुणाच्या नावावर आधीच होत्या हे वर आलेच आहे.

पुढे पारध्याचा धंदाही बेकायदा झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरीण, ससा, तितर धरणे गुन्हा ठरला. वाघ आणि हरणे वाचवायला तो कायदा हवाच होता, पण ज्यांचे पोट फाशावर होते त्यांच्यासाठी कुठलीही व्यवस्था त्यात नव्हती. बोरसारख्या जंगलांच्या कडेला राहणाऱ्यांना उरले ते शेतांची राखण करणे, मजुरी आणि मोहाची दारू गाळणे. वर्धा हा गांधीजींचा जिल्हा म्हणून 1970 च्या दशकाच्या मध्यापासून तिथे दारूबंदी आहे. म्हणजे तेही गुन्ह्यातच. बाजूच्या नागपूर जिल्ह्यात परवान्याच्या दुकानात मिळणारी बाटली वर्ध्यात चोरून येते, आणि ती आणणारे, विकणारे, पिणारे सगळ्या जातींचे आहेत.

इथे वर्ध्याच्या स्थानिक पानावरची एक नेहमीची बातमी जवळून पाहण्यासारखी आहे. पारध्यांच्या वस्तीला या जिल्ह्यात बेडा म्हणतात. पोळा, गणपती किंवा निवडणूक जवळ आली की पोलीस बेड्यांवर 'वॉश आऊट' मोहीम काढतात. पहाटे पथक जाते, जमिनीत पुरलेले ड्रम काढते, मोहाचा सडवा ओतून देते, भट्ट्या मोडते. दुपारी पोलिसांकडून माध्यमांच्या व्हॉट्सअॅप गटावर टिपण येते. सोबत फोटो: ओळीने उभे अधिकारी, पुढे प्लास्टिकचे ड्रम. टिपणात लिटर, रुपयांतला मुद्देमाल आणि पथकातल्या सगळ्यांची नावे असतात. दुसऱ्या दिवशी 'पारधी बेड्यावर धाड' या मथळ्याखाली ते छापून येते, पुष्कळदा स्वल्पविरामांसह. सडवा ओतला गेला त्या घरातल्या बाईचे म्हणणे त्यात नसते. दारू कोण विकत घेतो, मोह आणि गूळ उधार देणारा व्यापारी कोण, हेही नसते. दारू सापडली हे खरे असते. बातमी खोटी नसते. तरीही अशा शंभर बातम्या वाचलेल्या वाचकाला जिल्ह्यातल्या चोरट्या दारूचा धंदा पारधीच चालवतात असे वाटू लागते. गाडीच्या डिकीत विदेशी दारूची खोकी सापडतात तेव्हा मथळ्यात गाडीचे नाव येते, चालकाची जात येत नाही.

मथळ्यात जात घालण्यामागे एक साधे कारणही आहे. विदर्भातल्या पारध्यांची आडनावे पवार, भोसले, काळे, चव्हाण अशी आहेत. नुसते 'पवार' छापले तर वाचक वेगळ्याच समाजाचा समज करून घेईल आणि त्या समाजाचे लोक संपादकाला फोन करतील. 'पारधी' शब्द लिहिला की ही अडचण मिटते, कारण बेड्यावरून फोन येत नाही.

खेड्यातल्या वार्ताहराची परिस्थितीही इथे लक्षात घ्यायला हवी. केळझर, सेलू, सिंदी अशा गावांतून बातमी पाठवणारा माणूस बहुधा पगारी नसतो. तो शिक्षक असतो, किराणा दुकानदार असतो, किंवा त्याच पत्राचा विक्रेता असतो. मानधन नाममात्र, पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, नेत्याच्या वाढदिवसाला जाहिराती गोळा करून द्यायच्या आणि त्यावरच्या टक्क्यांवर भागवायचे. जाहिराती देणारे सरपंच, ठेकेदार, कृषी केंद्रवाले. गुन्ह्याची बातमी ठाण्यातून मिळते, आणि ठाणेदाराशी बिनसले तर ती दुसऱ्या पत्राच्या वार्ताहराला आधी मिळते. बेड्यावर जाऊन चौकशी करायला त्याला ना गाडीभाडे मिळते, ना वेळ. तिथे जाण्याचा हुकूम तालुका किंवा जिल्हा कार्यालयाकडूनही येत नाही. पूर्वग्रहाच्या जोडीला ही अर्थव्यवस्था आहे, आणि माझ्यासारख्या जिल्ह्याच्या वाचकाने दोष द्यायचा तर निम्मा तिला द्यावा, असे म्हणायला जागा आहे.

मोठ्या शहरातल्या कार्यालयांत चित्र फार वेगळे नव्हते. 1996 मध्ये 'पायोनिअर'मध्ये बी. एन. उनियाल यांनी दिल्लीतल्या मान्यताप्राप्त पत्रकारांत एखादा दलित शोधायचा प्रयत्न केला. त्यांना एकही सापडला नाही. 2006 मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या 37 माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या 315 जणांची पाहणी केली. त्यांत अनुसूचित जाती किंवा जमातीचा कुणीही आढळला नाही.

त्याच वर्षी खैरलांजी घडले. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या या गावात 29 सप्टेंबर 2006 रोजी जमावाने सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका, मुलगे सुधीर आणि रोशन यांना ठार मारले. या दलित कुटुंबातले भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. तीन दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी नागपुरात धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी देशभरातून लाखो लोक दीक्षाभूमीवर जमले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना शेजारच्या जिल्ह्यात काय झाले याचा पत्ता नव्हता. पहिल्या बातम्या छोट्या होत्या आणि त्यांत हत्येचे कारण म्हणून अनैतिक संबंधांचा संशय पुढे केला होता. पारध्याच्या बातमीत जी जात मथळ्यात येते, ती इथे आवश्यक असूनही आली नाही. गावात दलितांची घरे मोजकी, जमिनीवरून चाललेला छळ, आधीची मारहाणीची फिर्याद आणि तिच्यात दिलेली साक्ष, हा सगळा तपशील कार्यकर्त्यांच्या आणि सत्यशोधन समित्यांच्या अहवालांतून बाहेर आला.

नोव्हेंबरमध्ये नागपूर, भंडारा, अमरावती, यवतमाळ इथे लोक रस्त्यावर उतरले. राष्ट्रीय वाहिन्या त्यानंतर जाग्या झाल्या. कानपूरला आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर महाराष्ट्रात उद्रेक झाला आणि 30 नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे पेटवले गेले. जळते डबे दिवसभर पडद्यावर दिसले. चार माणसांच्या हत्येला जेवढी जागा दोन महिन्यांत मिळाली नव्हती, ती रेल्वेच्या डब्यांना एका दिवसात मिळाली. आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची सरकारी शंकाही ठळकपणे छापून आली. भंडारा सत्र न्यायालयाने सप्टेंबर 2008 मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, मात्र ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो असे मानले नाही. 14 जुलै 2010 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांच्या कैदेची शिक्षा केली. जातीचा मुद्दा पहिल्या बातमीतून वगळला गेला होता आणि तो निकालातही सिद्ध ठरला नाही. या दोहोंत थेट कार्यकारणसंबंध दाखवता येणार नाही. पण पहिल्या दिवसांतली नोंद, फिर्याद आणि पंचनामा कोणत्या सुरात लिहिले जातात त्यावर पुढचा खटला उभा राहतो, हे फौजदारी वकील नेहमी सांगतात.

अमेरिकेत हाच वाद वर्णाच्या संदर्भात फार पूर्वी सुरू झाला. आयडा वेल्स या कृष्णवर्णीय बाईंनी 1892 मध्ये मेम्फिस इथे आपल्या पत्रातून लिंचिंगच्या बातम्यांतले खोटे आरोप उघड केले. त्यांचा छापखाना जमावाने मोडून टाकला. 1967 च्या दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने 1968 च्या अहवालात माध्यमांवर एक पूर्ण प्रकरण लिहिले आणि वृत्तपत्रे गोऱ्यांच्या जगातून, गोऱ्यांच्या नजरेने लिहितात असे स्पष्ट म्हटले. अलाबामातल्या 'मॉन्टगोमेरी अॅडव्हर्टायझर'ने 2018 मध्ये लिंचिंगविषयीच्या आपल्या जुन्या वार्तांकनाबद्दल अग्रलेखातून माफी मागितली. तिथे वर्ण फोटोत दिसतो. इथे जात फोटोत दिसत नाही. ती कुणाच्या तरी सांगण्यावरून बातमीत घालावी लागते आणि कुणाच्या तरी निर्णयाने काढावी लागते. म्हणून इथल्या बातमीदाराला 'जे दिसले ते छापले' असे म्हणता येत नाही.

विमुक्तांच्या बाजूने बातमी फिरवण्याचे मोठे काम 1998 मध्ये झाले. फेब्रुवारीत पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर पोलिसांच्या ताब्यात मरण पावला, जूनमध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारध्याचा तसाच शेवट झाला. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी करून ही प्रकरणे कोर्टात आणि वृत्तपत्रांत नेली. महाश्वेता देवी स्वतः पत्रकारही होत्या. पोलिसांच्या टिपणाआधी मृताच्या घरी जायचे, एवढी साधी गोष्ट त्यांनी केली. पुढे बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने 2008 मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दशकभराने विमुक्त-भटक्यांवरचा गुन्हेगारीचा शिक्का सरकारी कागदांवर मांडला.

छापील बातमीची जागा मोबाइलने घेतली तेव्हा जुना संशय अधिक वेगाने फिरू लागला. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते सोलापूरकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. अफवा व्हॉट्सअॅपवरची होती. पण अनोळखी भटका म्हणजे चोर, ही त्यामागची समजूत व्हॉट्सअॅपने तयार केलेली नव्हती. राईनपाड्याच्या वार्तांकनात मराठी वृत्तपत्रांनी मृतांच्या गावी बातमीदार पाठवले, त्यांचा समाज कोणता आणि तो पोट कसे भरतो हे सविस्तर लिहिले. तसे करता येते हे त्यातून दिसले.

प्रेस कौन्सिलचे याबाबतचे संकेत जुने आहेत: ज्या संदर्भात जातीची बदनामी होते तिथे व्यक्तीच्या किंवा समूहाच्या जातीचा उल्लेख टाळावा. त्याला दंडाची जोड नाही. कौन्सिल फार तर ताशेरे मारू शकते. न्यायालयाचा आदेश आला तो तुरुंगांबाबत, आणि तोही एका बातमीमुळे. पत्रकार सुकन्या शांता यांनी 2020 मध्ये राज्याराज्यांतल्या कारागृह नियमावल्यांत जातीनुसार कामे कशी वाटली जातात आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार कसे मानले जाते, यावर लिहिले आणि पुढे त्या स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. वृत्तपत्रांच्या रकान्यांना असा आदेश लागू नाही. तिथे जात केव्हा छापायची आणि केव्हा नाही, हे आजही उपसंपादकच ठरवतो.